ओझे वाहणाऱ्या गाड्यांची स्मृती

इतिहासाने ज्यांची आठवण ठेवावी असे आपण मानतो त्या वस्तूंची यादी बहुधा राजवाड्यापासून सुरू होते. सिंहासने, पालख्या, तलवारी, दागिने आणि अलीकडच्या काळात संस्थानिकांच्या मोटारी यांना काचेच्या कपाटात अथवा छपराखाली मानाची जागा मिळते. ज्या वस्तूंनी सामान्य माणसाच्या घरी तांदूळ, मीठ, पाव आणि मासळी पोचवली त्यांचे काय झाले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मालाची ने-आण करणाऱ्या जुन्या छोट्या गाड्या, म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो त्या, या विस्मृतीचे ठळक उदाहरण आहेत. या गाड्यांचा इतिहास काय, जगात त्यांना कोण जपते, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात त्यांच्या जतनाला काही अर्थ आहे काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

मालवणचा किनारा हा मुळात समुद्राच्या वाहतुकीवर जगलेला मुलूख. विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या बंदरांतून फत्तेमाऱ्या आणि गलबते माल घेऊन ये-जा करीत. कौले, मीठ, नारळ, सुकी मासळी, तांदूळ, लाकूड अशा मालाला समुद्र हाच हमरस्ता होता. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले बंदराला महत्त्व आले त्याचे कारणही वाहतूकच होते. तेथे उतरलेला माल आंबोली घाटाने बेळगावच्या छावणीकडे जात असे. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी आगबोटीचा प्रवास केला. परंतु आगबोट असो वा फत्तेमारी, पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद असे. त्या काळात किनाऱ्यावरच्या गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध घाटातल्या बैलगाड्या आणि हमालांच्या डोक्यांवरच अवलंबून राही.

मोटारीने हे चित्र पालटले. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ती लाकडी बांधणीची बेडफर्ड गाडी होती. पुढे एसटी कोकणातल्या खेड्यापाड्यांत पोचली आणि तिच्या टपावरून माणसांबरोबर आंब्याच्या पेट्या, फणस, तांदळाची पोती आणि कोंबड्यांच्या पाट्याही प्रवास करू लागल्या. एसटीचा टप हीच बऱ्याच गावांची पहिली मालगाडी ठरली. तथापि एसटी ठरावीक वेळी ठरावीक रस्त्यानेच जाणार. मासळी मात्र होडी किनाऱ्याला लागेल तेव्हाच मिळते आणि बर्फात घातली तरी फार काळ थांबत नाही. आंबा आढीतून निघाला की त्याला मुंबईच्या बाजाराची घाई असते. अशा मालाला हवी होती ती लहान, स्वस्त, अरुंद पाणंदीतून घराच्या खळ्यापर्यंत जाणारी आणि बोलावू तेव्हा येणारी गाडी.

ही गाडी आली ती जर्मनीहून, आणि तिच्याबरोबर एक शब्दही आला. हँबुर्ग या जर्मन बंदरात विडाल आणि पुत्र या नावाची एक कंपनी १९२० च्या दशकापासून ‘टेम्पो’ या व्यापारी नावाने मालवाहू तीनचाक्या बनवीत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली या कंपनीने ‘हान्सेआट’ नावाची तीनचाकी बाजारात आणली. उत्तर युरोपातील व्यापारी बंदरांचा मध्ययुगात ‘हान्से’ नावाचा एक संघ होता आणि हँबुर्ग हे त्यातील प्रमुख शहर. त्या संघाच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले होते. म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून मासळी उचलणाऱ्या तीनचाकीचे कूळ बंदरातलेच निघाले. पुढे एकच चाक, त्या चाकापाशीच बसविलेले लहानसे दोन-स्ट्रोक इंजिन, त्याच चाकाला मिळणारी गती, आणि मागे सारा हौदा मालासाठी मोकळा, अशी तिची सुटसुटीत रचना होती. मागच्या आसाकडे जाणारा दांडा नसल्यामुळे हौदा जमिनीपासून फार उंच ठेवावा लागत नसे. हमालाला ओझे खांद्यावरून थेट गाडीत सरकवता येई.

भारतात ही गाडी आणली नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी. अहमदनगरचे वकील, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगलेले कार्यकर्ते आणि नंतर उद्योजक असा त्यांचा प्रवास. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि हँबुर्गच्या कंपनीच्या सहकार्याने हान्सेआट तीनचाकीचे उत्पादन सुरू झाले. आरंभी हे काम मुंबईच्या गोरेगावात चाले. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डी येथे गेला. १९६९ साली याच कारखान्यातून ‘मटाडोर’ ही चारचाकी बाहेर पडली. तिचेही मूळ नाव हँबुर्गच्याच कंपनीचे. जर्मनीत हान्सेआटचे उत्पादन १९५६ च्या सुमारास थांबले होते. भारतात मात्र ती त्यानंतर अनेक दशके बनत राहिली, आणि मटाडोर तर महाराष्ट्राच्या बोलीत इतकी रुळली की शाळेच्या मुलांची गाडी, रुग्णवाहिका, शववाहिनी आणि पावाची गाडी या साऱ्यांना एकच नाव पुरू लागले. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, तरी मराठीतून तो गेला नाही. कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी आज आपल्या तोंडी टेम्पोच आहे. व्यापारी नाव भाषेचे सामान्यनाम व्हावे असा मान फार थोड्या वस्तूंना मिळतो. हँबुर्गच्या विडाल कंपनीला तो मराठीने दिला.

याच काळात इतरही गाड्या रस्त्यावर आल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचे कुर्ल्याला जुळणी होणारे डॉज आणि फार्गो ट्रक, १९५४ पासून जमशेदपुरात बनू लागलेले टाटा-मर्सिडीज ट्रक, महिंद्राच्या जीपवर बांधलेले हौदे, बजाज आणि लँब्रेटाच्या मालवाहू तीनचाक्या अशी ही मालिका आहे. १९८६ साली टाटांचा ४०७ आला आणि २००५ साली ‘एस’ हा छोटा टेम्पो. त्याला लोकांनी लगेच ‘छोटा हत्ती’ हे नाव बहाल केले. या गाड्यांपैकी बऱ्याच कारखान्यातून केवळ चासी म्हणून बाहेर पडत. त्यावर सागवानी वा जंगली लाकडाची बॉडी बांधणे हे गावोगावच्या सुतार-लोहारांचे काम असे. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या कोल्हापुरात आणि सावंतवाडीत निरनिराळ्या दिसत. फाळक्यावरची वेलबुट्टी, दर्शनी भागावर काढलेले देवाचे नाव, पाठीमागच्या ओळी हे सारे स्थानिक रंगाऱ्याच्या हातचे. आपल्या समाजातल्या मालकाच्या गाडीवर वेलांकणी मातेचे किंवा संत अंतोनींचे नाव दिसे आणि शेजारच्या गाडीवर भराडी देवीचे वा वेतोबाचे. धक्क्यावर दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या राहत आणि एकाच बर्फाच्या कारखान्यातला बर्फ भरीत. या किनाऱ्याचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने ही रंगविलेली नावे कागदपत्रांइतकीच महत्त्वाची मानली पाहिजेत.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मोटार वाहन कायद्याची नवी व्यवस्था १९८९ साली आली तेव्हा या जिल्ह्याच्या वाट्याला एमएच ०७ हा क्रमांक आला. मुंबई-गोवा हमरस्ता, आंबोली, फोंडा आणि गगनबावड्याकडचे घाट यांवरून हा क्रमांक मिरविणाऱ्या टेम्पोंनी जिल्ह्याचे अर्थकारण खांद्यावर घेतले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णे या मार्गावर भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची सोय झाली. ट्रक रेल्वेवर बसून प्रवास करतो हे दृश्य कोकणवासीयांना आता नवलाचे वाटत नाही. तरीसुद्धा रेल्वेच्या स्थानकापासून वाडीपर्यंतची शेवटची मजल लहान टेम्पोनेच मारावी लागते. वाहतुकीच्या शास्त्रात कितीही सुधारणा झाली तरी दारापर्यंतचे ओझे कोणीतरी उचलावेच लागते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

आता जतनाकडे वळू. जुन्या मोटारी जपण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासून आहे आणि जुन्या मोटारींच्या मिरवणुका मुंबईकरांनी अनेक वर्षे पाहिल्या आहेत. अहमदाबादजवळ काठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांचा मोटारींचा मोठा संग्रह आहे. गोव्यात नुवे येथेही जुन्या मोटारींचे संग्रहालय उभे राहिले. हे सारे प्रयत्न स्तुत्य आहेत. मात्र या संग्रहांत प्रामुख्याने दिसते ती श्रीमंतांची मोटार. रोल्स-रॉइस, पॅकार्ड, कॅडिलॅक यांच्या रांगेत पाव वाटणारी मटाडोर शोधून सापडणे कठीण. याला कारणही आहे. राजाची मोटार वर्षातून काही दिवस निघते आणि उरलेला काळ गॅरेजमध्ये राहते. टेम्पो मात्र तुटेपर्यंत राबतो. त्याचे इंजिन बदलले जाते, बॉडी दोन-तीनदा नव्याने बांधली जाते, शेवटी चासीही भंगारात जाते. जी वस्तू जितकी उपयोगी तितकी ती टिकण्याची शक्यता कमी, असा हा विपरीत न्याय आहे.

इंग्लंडमध्ये या न्यायाविरुद्ध हौशी लोकांनी चळवळच उभी केली. तेथे व्यापारी वाहनांच्या जतनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन या मार्गावर जुन्या ट्रक, बस आणि मालव्हॅनची वार्षिक यात्रा भरू लागली. दूध, कोळसा, पाव, बिस्किटे, बीअर पोचविणाऱ्या गाड्या आपल्या मूळ रंगात, मूळ दुकानाचे नाव मिरवीत त्या रस्त्याने जातात. ट्रकच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या लेलँड या गावी १९८३ साली ब्रिटिश व्यापारी वाहनांचे संग्रहालयही उघडले. या गाड्या जपणाऱ्यांत धनिक थोडे. बरेचसे जुने चालक, मिस्त्री, छोटे दुकानदार आणि त्यांची मुले. बापाने ज्या गाडीवर उभा जन्म काढला ती गाडी मुलगा दहा वर्षे सुट्टीच्या दिवशी खपून पुन्हा चालती करतो आणि वर्षातून एकदा लोकांना दाखवतो. जर्मनीतही जुने टेम्पो जपणारे हौशी लोक आहेत. तेथे जी तीनचाकी छंदाचा विषय झाली, तिच्याच भारतीय भगिनी आपल्याकडे भंगाराच्या भावाने तोलल्या गेल्या.

आपल्या देशात या दिशेने जे थोडे प्रयत्न झाले त्यांची नोंद घेतली पाहिजे. हरियाणात तावडू येथे तरुण ठकराल यांनी उभारलेले हेरिटेज ट्रान्स्पोर्ट म्युझियम २०१३ साली उघडले. तेथे मोटारींबरोबर बैलगाड्या, तीनचाक्या, ट्रक यांनाही जागा आहे. आपल्या अधिक जवळचे आणि आपल्या समाजाला अभिमानास्पद उदाहरण म्हणजे गोव्यातील बाणावलीचे ‘गोवा चित्र’. व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी शेतीची आणि कारागिरीची शेकडो अवजारे घराघरांतून, अडगळीतून, विकायला काढलेल्या सामानातून गोळा करून हे संग्रहालय उभे केले. राशोल येथील ख्रिस्ती कला संग्रहालयाच्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठी होता. वेदी आणि मूर्ती जपण्याचे शास्त्र शिकलेल्या माणसाने नांगर, घाणा आणि मडकी यांनाही तोच आदर दिला, यात मोठा अर्थ आहे. पुढे त्यांनी ‘गोवा चक्र’ या नावाने गाड्या आणि रथांचा स्वतंत्र विभाग केला. तेथे मोटारटेम्पो नाही. परंतु ओझे वाहणारे चाक हाही वारसा आहे हा विचार तेथे स्पष्ट मांडला गेला आहे.

महाराष्ट्रात एसटीच्या बाबतीत असाच जिव्हाळा दिसून आला. २०१९ साली एसटीच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने बस फॉर अस फाउंडेशन या बसप्रेमींच्या संस्थेने ‘वारी लालपरीची’ हे फिरते प्रदर्शन काढले. एका बसमध्ये एसटीचा इतिहास मांडून ती गावोगावच्या स्थानकांवर नेण्यात आली. मुंबईत बेस्टने आणिक आगारात आपले संग्रहालय चालविले. २०२३ साली बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी या दोन्ही रस्त्यावरून गेल्या, तेव्हा त्यांतली निदान एकेक तरी जपून ठेवा, अशी मागणी कितीतरी नागरिकांनी केली. ज्या वाहनात आपण रोज घामाघूम होऊन उभे राहिलो त्याच्यासाठी माणसे हळहळली. याचा अर्थ एवढाच की वारशाची कल्पना आता राजवाड्याच्या फाटकाबाहेर पडू लागली आहे. मात्र बसला आणि टॅक्सीला प्रवाशांची माया मिळाली. टेम्पोला प्रवासी नसतात. त्याची आठवण ठेवणारे म्हणजे चालक, क्लीनर, हमाल आणि माल घेणारा दुकानदार. यांपैकी कोणाच्या हाती लेखणी सहसा नसते.

या विषयाला कायद्याचीही एक बाजू आहे आणि तीच आज अधिक निकडीची आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे. अशी गाडी प्रदर्शनासाठी, मिरवणुकीसाठी, दुरुस्तीसाठी वा इंधन भरण्यासाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या अथवा व्यापारी कामासाठी नाही. नियम चांगला आहे, परंतु त्याची भाषा वाचली असता लक्षात येते की तो करताना डोळ्यांपुढे घरगुती मोटार आणि मोटारसायकल होती. तीनचाकीला त्यात जागा नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या मालवाहतुकीचा पाया घालणारी हान्सेआट उद्या कोणी सुस्थितीत शोधून काढली तरी तिला वारशाचा क्रमांक मिळणे अवघड. शिवाय मूळ स्वरूपाची अटही अशा गाड्यांना जाचक आहे. ज्या गाडीची बॉडी तिच्या आयुष्यात तीनदा बांधली गेली, तिचे मूळ स्वरूप कोणते मानायचे? श्रमाच्या गाडीच्या बाबतीत दुरुस्ती हाच तिचा इतिहास असतो.

त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले. १५ वर्षांवरील व्यापारी वाहनांना यांत्रिक चाचणीत उतरावे लागते आणि न उतरल्यास ती मोडीत निघतात. सरकारी वाहनांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढे नोंदणीचे नूतनीकरणच होत नाही. या धोरणाविरुद्ध आमची तक्रार नाही. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी घाटात चालविणे हे चालकाच्या आणि वाटसरूच्या जिवाशी खेळणे आहे. स्वच्छ हवा हाही गरिबाचा हक्क आहे. आमचे म्हणणे इतकेच की हजारो गाड्या मोडीत निघत असताना प्रत्येक प्रकारची एक तरी गाडी वाचवावी. ग्रंथालयातली जीर्ण पुस्तके रद्दीत घालतानाही प्रत्येक ग्रंथाची एक प्रत ठेवली जाते. गाड्यांच्या बाबतीत ही एक प्रत ठेवण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही.

कोकणात हे काम अधिक कठीण आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे येथे लोखंड लवकर गंजते. पाटे, चासीचे आडवे बार, दरवाज्याचा खालचा पत्रा आधी जातो, आणि लाकडी हौद्याला वाळवी लागते. म्हणून येथे जुनी गाडी वाचवायची तर प्रथम तिच्यावर छप्पर हवे, तिची चाके जमिनीवरून उचलून आस टेकूवर ठेवावेत, टाकीतले इंधन काढून टाकावे, आणि मगच इंजिनाचा विचार करावा. दुसरा मोह रंगाचा. जुन्या वाहनांच्या जतनासाठी झटणाऱ्या फीवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरिनची सनद मान्य केली. गाडी नव्यासारखी चकचकीत करण्यापेक्षा तिच्यावर उमटलेल्या वापराच्या खुणा राखाव्यात, असा त्या सनदेचा रोख आहे. आमच्या वाचकांना हे सहज पटेल. आपल्या काही जुन्या चर्चमधील लाकडी वेद्यांवर भक्तिभावाने तैलरंग आणि सोनेरी मुलामा चढविला गेला आणि त्याखाली जुन्या कारागिराची छिन्नी कायमची झाकली गेली. टेम्पोच्या फाळक्यावरचा हमालांच्या हातांनी गुळगुळीत झालेला लाकडाचा भाग, बर्फाच्या पाण्याने काळवंडलेली तळाची फळी, वाहनचालकाने आरशापाशी लावलेली क्रुसाची छोटी प्रतिमा या खुणा पुसल्या तर गाडी राहील, पण तिची साक्ष जाईल.

येथे एखादा वाचक विचारील की धार्मिक समाजाच्या नियतकालिकाने भंगारातल्या टेम्पोंची चिंता का वाहावी? त्याला आमचे उत्तर असे. ख्रिस्तसभेने श्रमाला दिलेला मान हा केवळ शब्दांचा नाही. प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा जन्मदिवसही हाच, हा योगायोग आम्हांला बोलका वाटतो. जिल्हा स्थापन झाला त्याच १९८१ सालच्या सप्टेंबर महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरचे आपले ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. श्रमाचे मोल त्यातून निघणाऱ्या वस्तूवरून नव्हे तर श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा आहे. प्रवाशांचा पालक मानला जाणारा संत ख्रिस्तोफर तर परंपरेनुसार ओझे वाहणाराच होता. नदीपलीकडे नेलेल्या बालकाच्या भाराखाली तो वाकला आणि तो भार कोणाचा हे त्याला मागाहून कळले. चर्चच्या आशीर्वादांच्या ग्रंथात वाहनांवर आशीर्वाद मागण्याचा स्वतंत्र विधी आहे. नवी गाडी घेतली की आपण ती चर्चच्या अंगणात नेतो, धर्मगुरू तीर्थ शिंपडतात, चालक टोपी काढून उभा राहतो. ज्या गाडीचा आरंभ असा आशीर्वादाने होतो तिचा शेवट निनावी व्हावा, हे आम्हांला रुचत नाही.

तथापि गाडीच्या पूजेत माणूस विसरला जाऊ नये, ही खबरदारीही हवी. टेम्पो जपायचा आणि टेम्पो चालविणाऱ्याला विसरायचे, असे झाले तर तेही राजवाड्याचेच संग्रहालय ठरेल. रात्री बाराला धक्क्यावर माल भरून पहाटे गोव्याच्या किंवा बेळगावच्या बाजारात पोचणारा चालक, हौद्यात मालाशेजारी झोपणारा क्लीनर, पाठीचे दुखणे घेऊन म्हातारा झालेला हमाल, यांना निवृत्तिवेतन नव्हते, कामाच्या तासांचा हिशेब नव्हता. म्हणून जतनाची सुरुवात लोखंडापासून न होता त्यांच्या आठवणींपासून व्हावी. कोणता माल, कोणत्या रस्त्याने, किती भाड्याने, घाटात गाडी बंद पडली तर काय करीत, पावसाळ्यात कोणते साकव बुडत, पेटी फुटली तर नुकसान कोणाच्या अंगावर पडे, हे सांगणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. भंगारातले लोखंड आणखी दहा वर्षांनीही कोठेतरी सापडेल. या आठवणी तोवर सापडणार नाहीत.

यातून काही कामे आम्हांला सहज शक्य दिसतात. पहिले काम कागदांचे. नोंदणीची पुस्तके, परवाने, भाड्याच्या पावत्या, बॉडी बांधणाऱ्यांची बिले, गाडीपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे ही घराघरांत पेटीच्या तळाशी पडून आहेत. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा होऊन स्थापन झाला. सावंतवाडीच्या मिलाग्रीसपासून किनाऱ्यावरच्या लहान धर्मग्रामांपर्यंत युवकांचे गट आहेत. एका उन्हाळ्यात त्यांनी ही कागदपत्रे पाहून त्यांची छायाचित्रे घेतली आणि जुन्या चालकांची मनोगते ध्वनिमुद्रित केली तर जिल्ह्याच्या इतिहासाला मोठा ठेवा मिळेल. मूळ कागद घरच्यांकडेच राहावेत.

दुसरे काम गाडीचे. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. एखादी मटाडोर अथवा हान्सेआट मिळवून तिची दुरुस्ती विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग करता येईल. जुने इंजिन उघडले की यंत्रशास्त्र पुस्तकापेक्षा लवकर कळते, कारण त्यात झाकलेले काही नसते. लाकडी बॉडी बांधण्याची कला जाणणारे सुतारही आता थोडे राहिले आहेत. त्यांच्या हाताखाली चार मुले शिकली तर गाडीबरोबर विद्याही वाचेल.

तिसरे काम दाखविण्याचे. संग्रहालयासाठी इमारत लागते, पैसा लागतो. परंतु गावच्या फेस्ताला, जत्रेला किंवा १ मे रोजी जिल्ह्याच्या वर्धापनदिनी एक जुना टेम्पो, त्यावर मूळ रंगातले नाव, हौद्यात आंब्याची लाकडी पेटी, मासळीची पाटी आणि पावाची टोपली ठेवून उभा करायला फारसे काही लागत नाही. शेजारी त्या गाडीचा जुना चालक खुर्चीवर बसलेला असावा. मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. लंडन-ब्रायटनच्या यात्रेचे यशही शेवटी यातच आहे की तेथे गाडीबरोबर गाडीचा माणूसही लोकांना भेटतो.

चौथे काम कायद्याचे. तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांनाही वारशाच्या नोंदणीत स्पष्ट स्थान मिळावे, आणि बॉडी नव्याने बांधली म्हणून अशी गाडी अपात्र ठरू नये, अशी मागणी जुन्या वाहनांच्या संस्थांनी आणि लोकप्रतिनिधींनी केंद्राकडे करावी. नियमातला हा बदल फार मोठा नाही. पण त्यामुळे एखादा हौशी मिस्त्री आपल्या अंगणातली गाडी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा थांबून विचार करील.

२०२० सालच्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले तेव्हा एसटीने आपल्या जुन्या बसगाड्यांची आसने काढून त्यांचे मालट्रक केले. त्या दिवसांत घरात कोंडलेल्या प्रत्येकाला उमगले की दूध, औषध आणि भाजी दारापर्यंत येते ती कोणाच्या तरी चाकांवरून येते. ती जाणीव लवकरच ओसरली. इतिहासाचे काम अशा ओसरणाऱ्या जाणिवा धरून ठेवण्याचे आहे. मालवणच्या किनाऱ्यावर फत्तेमाऱ्यांची एक पिढी अशीच नाहीशी झाली. तिची लाकडे जळणाला गेली आणि आज तिचे स्वरूप समजून घ्यायला आपण जुन्या चित्रांकडे धावतो. टेम्पोंच्या बाबतीत अजून थोडा अवधी उरला आहे. ज्यांच्या परड्यात, माडांच्या झावळ्यांखाली असे एखादे धूड उभे असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी निदान त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याच्यावरचे नाव लिहून ठेवावे आणि ते कोण चालवीत असे हे मुलांना सांगावे.